रेसिपी सगळ्यांना माहीत, तरी मॅग्नेट का बनत नाही? वाळूच्या एका गेममधून समजून घेऊ

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या मॅग्नेटच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. काही महिन्यांतच, इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन अडचणीत येईल असा इशारा पुण्याच्या बजाज ऑटोने जाहीरपणे दिला. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर पडतोय: "एवढासा तो मॅग्नेट, आपण इथेच का बनवत नाही?"

हे समजावून सांगायला मला एक व्हिडिओ गेम फार उपयोगी वाटतो.

प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक कण

नोइटा हा फिनलंडच्या नोला गेम्सचा गेम. त्याची पूर्ण आवृत्ती २०२० मध्ये आली. तुम्ही एक जादूगार असता. जीव वाचवत जमिनीखालच्या गुहांमध्ये खाली खाली उतरायचं, आणि मेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण याची खरी गंमत आतल्या इंजिनात आहे. या प्रकाराला 'फॉलिंग सँड' म्हणतात. इथे जगातला प्रत्येक पिक्सेल हा वाळू, पाणी, तेल, लाव्हा अशा कशाचा तरी कण असतो.

नियम अगदी साधे आहेत. वाळूचा कण आपल्या खाली बघतो. जागा रिकामी असेल तर पडतो, नसेल तर खाली डावीकडे किंवा खाली उजवीकडे घसरतो. पाणी याशिवाय आडवंही पसरतं. इतके कण प्रत्येक फ्रेमला तपासणं जड जातं, म्हणून जगाचे ६४ बाय ६४ पिक्सेलचे तुकडे केलेत आणि जिथे हालचाल आहे तेवढाच भाग तपासला जातो.

रसायनशास्त्र म्हणजे एक मोठा तक्ता. अमुक दोन पदार्थ शेजारी आले, तर अमुक शक्यतेने त्यांचं तमुक होणार. लाव्ह्याला पाणी लागलं की दगड आणि वाफ. विषारी गाळावर पाणी पडलं की त्या गाळाचं पाणी.

रेसिपी फुटली, पण माल कुठाय?

बहुतेक सर्व्हायव्हल गेममध्ये क्राफ्टिंग म्हणजे एक चौकट असते. माइनक्राफ्टमध्ये लोखंडाच्या तीन विटा आणि दोन काठ्या ठेवा, कुदळ तयार. काही सांडत नाही, काही वाया जात नाही.

नोइटात तसं नाही. त्यात 'अल्केमिक प्रिकर्सर' आणि 'लाइव्हली कॉन्कॉक्शन' असे दोन खास पदार्थ आहेत. दोन्ही प्रत्येकी तीन घटकांपासून बनतात, आणि ते घटक प्रत्येक नव्या जगात वेगळे असतात. ते ठरतात 'सीड' नावाच्या एका आकड्यावरून. कॉम्प्युटरचं रँडम हे खरं रँडम नसतं: सीड तोच दिला की आकड्यांची मालिकाही तीच येते. खेळाडूंनी हे गणित उलगडलं. आता सीड टाकला की रेसिपी दाखवणारी टूल्स आहेत. म्हणजे गुपित असं काही उरलं नाही.

तरीही ते पदार्थ बनवताना घाम फुटतो. घटक जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत असतात. बाटल्या आणि इतर वस्तू ठेवायला मिळून जागा चारच. बाटलीत दुसरं काही मिसळलं की भेसळ. जोरात आपटली की फुटते, आणि सांडलेलं द्रव शेजारी जे असेल त्याच्याशी क्रिया करतं. रेसिपी सेकंदात मिळते, माल मिळवण्यात अख्खा डाव जातो.

खऱ्या मॅग्नेटचंही तेच

ईव्ही मोटरमध्ये सहसा निओडिमियम-लोह-बोरॉनचा मॅग्नेट असतो. निओडिमियमचे दोन अणू, लोहाचे चौदा, बोरॉनचा एक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये तो स्वतंत्रपणे सापडला. म्हणजे रेसिपी चाळीस वर्षांपासून उघड आहे.

आता माल कसा बनतो ते बघा. केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे. त्यात रेअर अर्थसोबत किरणोत्सारी थोरियमही येतं, त्यामुळे सगळा कारभार अणुऊर्जा कायद्याखाली. पुढे एकमेकांशी जुळ्या भावंडांसारखी वागणारी मूलद्रव्यं वेगळी करायला द्रावकाच्या शेकडो टप्प्यांतून जावं लागतं. मग धातू, मग मिश्रधातू. तो काही मायक्रॉनपर्यंत दळायचा, आणि ही भुकटी हवेत पेट घेऊ शकते. मग चुंबकीय क्षेत्रात दाबायची, हजार अंशांच्या वर भाजायची, आणि गंजू नये म्हणून वर लेप द्यायचा.

मोटर तापते, तेव्हा मॅग्नेट टिकावा म्हणून थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चीनच्या एप्रिलच्या यादीत ही दोन्ही आहेत, निओडिमियम नाही. आपल्या मोनाझाइटमध्येही ही दोन फारच कमी.

त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये चीनने मॅग्नेट बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरच बंदी घातली होती. सूत्र तर पाठ्यपुस्तकात आहे, त्याला कुलूप लावण्यात अर्थ नाही. त्यांनी कुलूप लावलं ते प्रक्रियेला.

७,२८० कोटींच्या योजनेकडे कसं बघायचं

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सिंटर्ड म्हणजे भाजून बनवलेल्या रेअर अर्थ मॅग्नेटसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य आहे वर्षाला ६,००० टन क्षमतेचं. माझ्या मते दिशा बरोबर आहे, कारण ऑक्साइडपासून धातू, मिश्रधातू आणि तयार मॅग्नेट अशी सलग साखळी त्यात धरली आहे. पण या योजनेची सुरुवात ऑक्साइडपासून होते. वाळूपासून ऑक्साइडपर्यंतचा किचकट भाग तिच्या बाहेर राहतो.

एका बाबतीत तर वास्तव गेमपेक्षा अवघड आहे. नोइटात एका पदार्थाचे सगळे पिक्सेल सारखेच. कारखान्यात मात्र सूत्र अचूक असूनही कणांचा आकार बिघडला की मॅग्नेट कमकुवत निघतो. हे हाताळणं वर्षानुवर्षं माल वाया घालवतच शिकावं लागतं.

त्यामुळे पुढच्या वेळी मॅग्नेट कारखान्याची बातमी दिसली, की टनांच्या आकड्यावर थांबू नका. ऑक्साइड कुठून येणार? डिस्प्रोसियमचं काय? आणि बनलेल्या शंभर मॅग्नेटपैकी मोटरमध्ये बसण्याच्या लायकीचे किती? या तिन्हींची उत्तरं बातमीत नसतील, तर समजायचं की सध्या फक्त रेसिपी हातात आहे.