मोहल्ल्याचा नकाशा आपल्याच मुलांनी काढावा

निवडणूक आली की चॅनेलवाले आपल्या वस्तीला एकच नाव देतात, 'व्होट बँक'. जणू सगळ्यांचा नेता एक अन् मतही एक! आपण चिडतो, पण उत्तर द्यायला हातात काही नसतं. राज्यशास्त्रातली 'सोशल नेटवर्क ॲनालिसिस' ही पद्धत इथे कामाची आहे.

पद्धत समजायला सोपी. माणूस किंवा संस्था म्हणजे ठिपका, दोघांतलं नातं म्हणजे रेघ. कोण कुणाकडे सल्ल्याला जातो, कोण कुणाशी व्यवहार करतो, हे विचारून संगणकावर मांडायचं. मग कळतं की सगळ्यात जास्त रेघा असलेलाच महत्त्वाचा असं नाही. दोन वेगळ्या गटांना जोडणारा एखादा साधा दुकानदार बाजूला झाला, तर त्यांचं बोलणंच तुटतं.

भिवंडीकडे पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागाचं शहर होरपळलं. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिमांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये शेजारच्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली; भिवंडी शांत राहिली.

अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न घेतला. त्यांनी ठिपके-रेघांचं गणित केलं नाही, पण निष्कर्ष नात्यांबद्दलचाच आहे: शहरात नुसता शेजारधर्म पुरत नाही, दोन्ही समाज एकत्र बसतात अशा संघटना, युनियन, कमिट्या लागतात. यावर आक्षेपही आहे. नात्यांमुळे शांतता टिकते, की शांतता असते म्हणून नाती जुळतात? अशा प्रश्नांसाठीच वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात.

एक सावधगिरी मात्र हवी. रेघ नातं आहे एवढंच सांगते, कसलं ते सांगत नाही. फोनमध्ये नंबर सापडला म्हणून कुणी साथीदार ठरत नाही. ही चूक किती महाग पडते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून माहिती घ्यायची ती परवानगीने, आणि नावं झाकूनच.

गेफी, आर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. बी.ए.ची मुलं-मुली आपल्या वॉर्डापासून सुरुवात करू शकतात: मस्जिद ट्रस्ट, गणेश मंडळ, शाळा समिती, व्यापारी संघटना यांत सामाईक माणसं किती? जिथे रेघच दिसणार नाही, तिथे ती जोडायचं काम आपलं, वडीलधाऱ्यांचं. आणि ते दंगलीआधी करायचं असतं, नंतर नाही.