घाटमाथ्याचे पाणी, आपले खाचर



भातकापणी आटोपली की राजनाल्याकाठच्या गावांत उन्हाळी भाताची बोलणी सुरू होतात. हे पाणी येते कोठून, असे घरातील मुलांना एकदा विचारून पाहा.

लोणावळ्याच्या डोंगरांतील पाऊस मुळात आपला नव्हे. इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून तो पूर्वेच्या समुद्राला जायचा. तो पश्चिमेला उतरवून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांची. काम झाले ते त्यांच्या पश्चात. 1911 साली लोणावळ्यास पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव बांधले गेले आणि घाटमाथ्यावरील त्या लहान गावाचे रूपच पालटले. पाणी मोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीस आले. 1915 साली त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वीज करून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेला मिळते, म्हणून खालापूरकरांना ती उन्हाळ्यातही वाहती दिसते. पुढे 1922 साली आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी कर्जत तालुक्यात भिवपुरीला उतरले. आपला राजनाला त्याच पाण्यावर चालतो.

म्हणजे भिवपुरीची चक्रे फिरली, तरच आपल्या पाटाला पाणी. शिवाय त्याचे वाटेकरी पुष्कळ. उल्हास नदीकाठची खालची शहरे हेच पाणी पितात. दुष्काळ पडला की घाटावरची मंडळी ते पुन्हा पूर्वेकडे वळवा म्हणतात. तहान त्यांनाही आहेच. आणि अशा धरणांची किंमतही कोणीतरी मोजली आहे. शेजारच्या मुळशी खोऱ्यात 1921 साली सेनापती बापटांबरोबर मावळच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला. तरीही धरण झाले आणि गावे बुडाली.

असे पाणी रात्रभर बांधावरून वाहू देणे बरे नव्हे. तेव्हा एवढे करा :

पाणी केव्हा व किती दिवस मिळणार, हे पाटबंधारे खात्याकडून पक्के कळल्याखेरीज रोप टाकू नका. पाळी सुरू होण्यापूर्वी गावाने मिळून चाऱ्या साफ कराव्यात, म्हणजे शेवटच्या खाचरालाही पाणी पोहोचेल. बांधावरील खेकड्यांची बिळे बुजवा. रोपे रुजल्यावर फुटव्यांच्या काळात खाचरात दोन ते पाच सेंटिमीटर पाणी पुरे. पोटरी व फुलोऱ्यात मात्र ताण पडू देऊ नका. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी काढून टाका.

जेथे पाटाची खात्री नाही, तेथे भाताचा हट्ट धरू नये. खरिपाच्या ओलीवर वाल पेरावा. आपल्या भागातील कडव्या वालाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

ज्याचे खाचर पाटाच्या तोंडाशी आहे, त्याने शेवटच्या खाचराचा विचार आधी करावा. त्याची रोपे वाळली, तर पाणी गावात येऊनही गावाचे झाले नाही, असेच म्हणावे लागेल.