नया है, बैठ जायेगा!

गिऱ्हाइकाचा सगळ्यांत जास्त छळ कोणत्या वाक्यानं केला असेल, तर तो 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्यानं नव्हे. (मी बँकेत कारकून आहे. तुमच्या तोंडी यायच्या आत हे वाक्य मीच घेऊन टाकलेलं बरं.) खरा छळ केलाय तो 'नवीन आहे, बसेल हळूहळू' या वाक्यानं. बूट चावतो? नवीन आहे, बसेल. दार लागत नाही? नवीन आहे, बसेल. जावई रुसतो? नवीन आहे, बसेल! आमच्या गोंदियाकडं बाजाराची भाषा निम्मी हिंदी, म्हणून इथं तेच वाक्य 'नया है साब, बैठ जायेगा' असं येतं. भाषा बदलली तरी माल तोच.

हे वाक्य उच्चारायला बंदी घातली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुरावा म्हणून माझ्याकडं एक बंदूक आहे.

घाबरू नका. छर्‍याची बंदूक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंची नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. तरी गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. १८१८ साली चिमणा पटेलांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, ते हे आमचं कामठा. त्यानंतर गावात शस्त्र आलं ते थेट आमच्याच घरी, अशा थाटात मंडळी बघायला आली. "धानातली डुकरं हाकलाले आणली का जी?" एका काकांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही काका, ही फक्त कागद मारते." काकांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं आमचे मॅनेजरही मार्चअखेरीला पाहत नाहीत.

पण खरंच ती कागद मारायलाच आणली होती. आमची कन्या नववीत आहे. अभिनव बिंद्रानं २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक घेतलं ते हवेच्या रायफलीवर, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोला जगज्जेता झाला तोही हवेच्या रायफलीवर, मग कामठ्यानं काय घोडं मारलंय, असा तिचा सवाल. सवाल रास्त होता. मागच्या अंगणात दहा मीटर मोजले, मागं पोती रचली आणि सराव सुरू झाला.

पहिल्या आठवड्यात छर्रे जरा खाली लागायचे. दुसऱ्या आठवड्यात खाली आणि इकडंतिकडं. बंदुकीतून 'फट्' असा आवाज यायच्या ऐवजी 'फुस्स' असा यायला लागला. पोरीला वाटलं आपला हात हलतो. आईला वाटलं पोर जेवत नाही. शिकवणाऱ्या सरांना वाटलं तिचं लक्ष नाही. बंदुकीवर कुणाचाच संशय नव्हता, कारण बंदूक नवीन होती!

मी पडलो बी.कॉम. भौतिकशास्त्राशी माझे संबंध शाळेतच तुटले. पण हिशेब मला येतो. छर्रा सेकंदाला १७० मीटर जातो असं धरा. दहा मीटर जाईपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. गळतीमुळं वेग १४० वर आला, तर तोच छर्रा २५ मिलिमीटर खाली येतो. फरक आठ मिलिमीटर. आता या खेळाच्या कागदावर दहाचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर! आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरवर. म्हणजे आठ मिलिमीटरला तीन वर्तुळं गेली. दहाचे सात झाले. स्पर्धेत गोळ्या असतात साठ. तीन साठे एकशे ऐंशी गुण नुसते हवेत! गळती रोज सारखीच असती तर साइट फिरवून भागलं असतं. पण गळतीला नियम नसतो.

मोडून भरायच्या बंदुकीत एक स्प्रिंग असते, ती दट्ट्याला पुढं ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. नळी जिथं मोडते त्या सांध्यात एक रबरी कडी असते. ती नीट बसली नसेल, तर हवा छर्‍यामागं जायच्या ऐवजी गावभर फिरायला जाते. आमचा सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतो. इथं ते चालत नाही, कारण हवा दाबलेली असते ती क्षणभरच. मग एक साधी युक्ती. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी ठेवायची, छर्रा भरायचा (रिकामी बंदूक कधीही उडवू नये, दट्ट्या जाऊन आपटतो) आणि पोत्यावर नेम धरून चाप ओढायचा. पट्टी उडाली की समजायचं, चोर सापडला. आमची पट्टी लग्नाच्या अक्षतेसारखी उडाली.

दुकानदाराला फोन केला. "नया है साब, बैठ जायेगा."

आता त्याच्या बोलण्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. स्प्रिंगची नवी बंदूक पहिले काही डबे छर्रे संपेपर्यंत कुरकुर करते. आतलं जादा तेल जळतं, थोडा धूर येतो, वेग खालीवर होतो. हे सगळं खरोखरच बसतं. पण गळती? फाटलेली कडी वापरून शिवली जाते काय? बसणारा दोष दिवसागणिक कमी होतो, न बसणारा वाढतो. एवढा भेद ज्याला कळत नाही त्यानं बंदुका विकू नयेत, आणि कळत असूनही जो 'बैठ जायेगा' म्हणतो त्यानं तर मुळीच विकू नयेत.

पुढं तो म्हणाला, "खोल के देख लो." मोठा धूर्त सल्ला! आत दाबलेली स्प्रिंग असते, ती अंगावर आली तर डोळा जायचा. आणि खोललीच, तर उद्या हाच म्हणणार की तुम्ही खोलली, वॉरंटी संपली. शेवटी म्हणाला, "अहो, खेळण्यातली तर बंदूक!" पैसे घेताना हीच बंदूक ऑलिंपिकची होती.

आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी कमी भरली, तर कॅशियरला 'काउंटर नवीन आहे, बसेल' असं म्हणता येत नाही. खिशातले दहा रुपये भरूनच तो घरी जातो. हाच न्याय दुकानाला का नको? माल विकणाऱ्यानं आपली तूट गिऱ्हाइकाच्या खिशातून का भरावी? आणि आमच्या घरी तर ती एका चौदा वर्षांच्या पोरीच्या हातातून भरली जात होती. 'बाबा, मला नाहीच जमणार,' असं ती म्हणाली, त्या दिवशी मला दुकानदाराचा खरा राग आला. रबराची कडी फाटली तर बदलता येते. पोरीचा आपल्या हातावरचा विश्वास फाटला, तर त्याचं वॉशर कुठल्या दुकानात मिळतं?

म्हणून मी बिल काढलं आणि कागदाच्या पट्टीच्या हकिगतीसह लेखी तक्रार पाठवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते; दुकान कुठल्याही शहरात असो, आपलं गोंदियाचं आयोग चालतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आणि 'बैठ जायेगा' म्हणणारा ती मुदत बसल्या बसल्या संपायचीच वाट बघत असतो. हे सगळं मी तक्रारीत नम्रपणे लिहिलं. दहा दिवसांत दुसरी बंदूक आली. तिची पट्टी हलली नाही. पोरीच्या छर्‍यांनी कागदाच्या मधोमध गर्दी केली आणि जेवणंही आपोआप वाढलं.

तेव्हा मंडळी, बिलं जपा. तोंडी वाद घालू नका, कागदावर लिहा. आणि 'बैठ जायेगा' ऐकलंत की एवढं ध्यानात ठेवा: या देशात नवीन माल क्वचितच बसतो. गप्प बसतो तो गिऱ्हाईक!