पावसाआधी सरणाची सोय करून ठेवा

मृग लागायच्या आत एक काम झालं पाहिजे, आणि त्याची सुरुवात येत्या १ मेच्या ग्रामसभेत व्हायला हवी. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या ज्या पाड्यांवर स्मशानाला छप्पर नाही, त्यांनी ते मागून घ्यावं. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आत कोरडी लाकडं रचून ठेवावीत. भर पावसात नदीकाठी चौघांनी ताडपत्री धरायची, डिझेल ओतायचं, जुने टायर लावायचे आणि तरीही विझलेलं सरण पुन्हा पुन्हा पेटवायचं, हे आपल्याकडच्या किती घरांनी सोसलं आहे! जन्मभर चिखलात भात लावणाऱ्या माणसाला शेवटी चार हात कोरडी जागा मिळू नये, हे मला मान्य नाही. तुम्हीही ते मान्य करू नका.

एका सरणाला साधारण तीनशे ते चारशे किलो सुकं लाकूड लागतं. आषाढात ऐन वेळी ते मिळत नाही, आणि मिळालं तरी ओलं लाकूड नुसतं धुमसतं. म्हणून आताच प्रत्येक घराने एक-एक मोळी द्यावी. वाडीतल्या छाटणीचं, वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड चालेल. जंगलातलं आणायचं असेल तर आधी वनरक्षकाशी बोला. लाकडं दगडांवर उचलून रचा, म्हणजे खालून ओल धरणार नाही. ही रास कुणा एका घराची नाही, ती पाड्याची आहे. ज्याच्या घरी दुःख होईल त्याने ती वापरावी, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून पुन्हा भरावी.

छपरासाठी पैसा नाही, असं उत्तर मिळालं तर गप्प बसू नका. दहन-दफनभूमीच्या कामांसाठी जिल्हा परिषदेची जनसुविधा योजना आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतली गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभा ठरवते. स्मशानाकडे जाणारी वाट वनजमिनीतून जात असेल, तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंतच्या जमिनीतून रस्ता मागता येतो. आणि सगळ्यांत आधी तलाठ्याकडे जाऊन पाहा, आपण पिढ्यान् पिढ्या जिथे अग्नी देतो ती जागा कागदावर कुणाच्या नावाने आहे? नोंद नसेल, तर जमीन विकली गेल्यावर प्रेत दारात ठेवून भांडण करायची वेळ येते.

आता दुसरी गोष्ट. ती लाकडाइतकीच निकडीची आहे. मरणाची नोंद २१ दिवसांत मोफत होते. घरी मरण आलं तर घरातल्या मोठ्याने ग्रामसेवकाला कळवायचं. शेवटचे उपचार केलेल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला मोफत द्यायचा असतो, तो मागून घ्या. दवाखान्यात मरण आलं तर नोंदीसाठी कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची. ३० दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणजे मजुरी बुडवून तालुक्याच्या खेपा. मरणाच्या नोंदीच्या दाखल्यावाचून सातबारावर वारस लागत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत, विमा मिळत नाही आणि वनपट्टा बायको-पोरांच्या नावावर चढत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २० हजार रुपये मिळतात. त्यालाही हाच दाखला लागतो.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. अवघड दुखणं झालं की आपण सिल्वासाला, वापीला, वलसाडला पळतो. नोंद मात्र मरण जिथे आलं तिथेच होते, राहत्या गावात नाही. म्हणून देह गाडीत ठेवण्याआधी दवाखान्यातून कागद घ्या, नाव आणि वय आधारप्रमाणे लिहिलं आहे का ते पाहा, आणि दाखला कुठल्या कार्यालयातून मिळेल ते विचारून घ्या. तलासरीहून जाताना महामार्गावरच, गाडीत प्राण गेला, तर गाडी पहिल्यांदा थांबेल तिथे कळवायचं, असा नियम आहे. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर आणि गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्यांनाही हेच लागू. खलाशांच्या घरच्यांनी बोटीचा नंबर आणि आधारची प्रत घरी जपून ठेवावी. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीच्या तुरुंगात वारला आणि त्याचा देह घरी यायला मे उजाडला, हे आपण पाहिलं आहे.

साप चावून, बुडून, झाडावरून पडून, वीज पडून किंवा अपघातात कुणी गेलं, तर घाईने अग्नी देऊ नका. पोलीस पाटलांना सांगा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. देह फाडायला मन तयार होत नाही, हे मी जाणतो. पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या घराला दोन लाख रुपये मिळतात, आणि तिथे पंचनामा व अहवाल मागतात. एकदा राख झाली की पुरावा उरत नाही.

देह आणायची सोयही आधीच ठरवा. १०८ ची गाडी जिवंत रुग्णासाठी आहे, ती प्रेत नेत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या एका बापाने २०२५ च्या जूनमध्ये आपलं मृत बाळ पिशवीत घालून नाशिकहून एसटीने आणलं. असं पुन्हा कुणावर येऊ नये म्हणून दवाखान्यात शववाहिका हक्काने मागा, आणि पाड्यावर कुणाची जीप, कुणाचा टेम्पो रात्री-अपरात्री निघेल ते आजच बोलून ठेवा.

आणखी एक विनंती, हात जोडून. बाराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढू नका. लग्नाच्या कर्जापायी माणसं गडी म्हणून बांधली जायची. ती लग्नगडीची पद्धत आपल्याच आज्या-आजोबांनी १९४५ च्या वारली उठावात मोडून काढली. मरणाच्या नावाने पुन्हा सावकाराच्या दारात जायचं नाही. भगताला, जुन्या माणसांना विचारून विधी करा, जेवण मात्र पाड्याने वाटून घ्यावं.

प्रत्येक पाड्यावरच्या शिकलेल्या दोन पोरापोरींनी हे काम अंगावर घ्यावं. आशाताईंना सोबत घ्या. ग्रामसभेला बाया जास्त संख्येने आणा, कारण सरणाआधीचं आणि सरणानंतरचं बहुतेक सगळं त्यांनाच निस्तरावं लागतं. जागेची नोंद, छप्पर, वाट आणि लाकडाची रास या चारही गोष्टींचा ठराव लेखी करून घ्या, त्यावर सरपंच आणि ग्रामसेवकांच्या सह्या घ्या, एक प्रत पंचायत समितीत द्या आणि तारखेसह पोच घेऊनच घरी या.