आल्प्सच्या पोटातून, आल्प्सच्या पाठीवरून

अतिवेगवान रेल्वे आणि डोंगरातले निसर्गदर्शन ही जोडी प्रवासाच्या जाहिरातींत नेहमी एकाच चित्रात दिसत असली, तरी रेल्वे अभियांत्रिकीच्या दृष्टीने या दोघांचे फारसे पटत नाही. साधारणपणे नव्याने बांधलेल्या मार्गावर ताशी 250 किलोमीटर आणि सुधारलेल्या जुन्या मार्गावर ताशी 200 किलोमीटर वेगाने गाडी धावू शकत असेल, तर तो मार्ग अतिवेगवान मानला जातो. हा वेग साधायचा तर वळणे अतिशय रुंद असावी लागतात आणि त्याच रुळांवरून जड मालगाड्याही न्यायच्या असतील तर चढही सौम्य ठेवावा लागतो. डोंगराळ मुलखात या दोन्ही अटी पाळायच्या म्हणजे डोंगर पोखरण्यावाचून गत्यंतर नसते. परिणामी गाडी जितकी वेगवान, तितका तिचा डोंगरातला मुक्काम अंधारातला असतो. स्वित्झर्लंडमधील झुरिक ते इटलीतील मिलान हा मार्ग या विरोधाचे उत्तम उदाहरण असून, आल्प्स पाहण्यासाठी रेल्वेप्रवास आखणाऱ्याने त्याची रचना आधी समजून घेतली तर पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात.

झुरिकहून निघालेली गाडी त्सुगच्या तलावाकाठून आणि पुढे उरीच्या तलावाच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे जाते. पाणी त्यामुळे प्रवासाच्या दिशेने उजव्या हाताला राहते आणि उजवीकडच्या खिडकीची जागा मागून घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र हे दृश्य संपून उंच डोंगरांना खरी सुरुवात होते त्या एर्स्टफेल्ड गावापाशीच गाडी गॉटहार्ड पायथा-बोगद्यात शिरते. पायथा-बोगदा म्हणजे घाट चढून खिंडीजवळ न खोदता पर्वताच्या थेट तळाशी, दोन्ही बाजूंच्या सपाटीच्या पातळीवर खोदलेला बोगदा. 57 किलोमीटरहून किंचित अधिक लांबीचा हा बोगदा 1 जून 2016 रोजी समारंभाने खुला झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून त्यातून नियमित गाड्या धावू लागल्या. त्यात एकेका मार्गासाठी स्वतंत्र अशा दोन नळ्या असून, आणीबाणीत एकीतून दुसरीत जाता यावे म्हणून सुमारे 325 मीटरच्या अंतराने त्या आडव्या मार्गांनी जोडलेल्या आहेत. काही ठिकाणी माथ्यावर तब्बल 2,300 मीटर जाडीचा खडक आहे आणि खोदकामाच्या वेळी त्या खडकाचे तापमान 46 अंश सेल्सिअसपर्यंत आढळले होते. असे असूनही बोगद्यातल्या रुळांची कमाल उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम 550 मीटर आहे; म्हणजे ही गाडी आख्खा आल्प्स ओलांडते ती लोणावळ्याहूनही कमी उंचीवरून.

हा बोगदा पर्यटकांसाठी बांधलेला नाही, ही गोष्ट आखणी करताना लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्तर युरोपातील बंदरे आणि इटली यांच्यामधला माल ट्रकांमधून स्विस दऱ्याखोऱ्यांतून वाहू लागला, तेव्हा त्या धुराला आणि गोंगाटाला कंटाळलेल्या स्विस नागरिकांनी 1992 मध्ये नव्या आल्प्सपार रेल्वेमार्गांच्या योजनेला सार्वमताने मान्यता दिली आणि 1994 मध्ये आरपार जाणारा माल रस्त्यावरून रेल्वेवर वळवण्याच्या बाजूने कौल दिला. सपाट मार्गावर जड मालगाडीला चढासाठी जादा इंजिने जोडावी लागत नाहीत, हे या सगळ्या खटाटोपामागचे मुख्य गणित होते. याच साखळीतला, तिचिनो प्रांतातला 15.4 किलोमीटर लांबीचा चेनेरी पायथा-बोगदा 2020 मध्ये सुरू झाला. या बोगद्यांमुळे झुरिक–मिलान प्रवास आज साडेतीन तासांच्या आत होतो. पण त्यातली गॉटहार्डखालची सुमारे 20 मिनिटे, म्हणजे ज्या मिनिटांत गाडी खऱ्या अर्थाने पर्वत ओलांडत असते नेमकी ती, खिडकीच्या काचेत स्वतःचेच प्रतिबिंब बघत काढावी लागतात.

त्याच पर्वताच्या अंगावरून जाणारा जुना मार्ग मात्र 1882 पासून आजतागायत चालू आहे. गोशेनेन आणि ऐरोलो या गावांना जोडणारा त्याचा 15 किलोमीटरचा माथ्याचा बोगदा खोदण्यास दहा वर्षे लागली, सुमारे 200 मजुरांचा त्यात बळी गेला आणि ठेकेदार लुई फाव्र हाही 1879 मध्ये बोगद्याच्या आतच मरण पावला. मुळात त्या बोगद्याच्या तोंडापर्यंत गाडी पोचवणे हेच अवघड काम होते, कारण एर्स्टफेल्डपासून गोशेनेनपर्यंत सहाशे मीटरांहून अधिक उंची गाठायची होती. पुणेकर आणि मुंबईकर ज्या बोरघाटातून ये-जा करतात त्याचा कमाल चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा आहे आणि गॉटहार्डचा सर्वांत तीव्र चढही जवळपास तेवढाच आहे. बोरघाटात 1863 साली या अडचणीवर रिव्हर्सिंग स्टेशनाचा तोडगा निघाला होता: गाडी एका टोकाला थांबवायची आणि इंजिन दुसऱ्या बाजूला जोडून उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. गॉटहार्डच्या अभियंत्यांनी त्याऐवजी मार्गाची लांबी वाढवली आणि डोंगराच्या आत गोल वळसा घेऊन वरच्या पातळीवर बाहेर पडणारे चक्री बोगदे खोदले.

या युक्तीचा परिणाम वासेन या लहानशा गावापाशी जवळून पाहता येतो. तिथे एका उंचवट्यावर एक पांढरे चर्च आहे आणि दक्षिणेकडे चढणाऱ्या गाडीतून ते तीनदा दिसते. पहिल्यांदा त्याचा मनोरा पाहण्यासाठी मान वर करावी लागते, दुसऱ्यांदा ते साधारण डोळ्यांच्या रेषेत येते आणि तिसऱ्यांदा त्याचे छप्पर खाली दरीत दिसते. मधल्या टप्प्यात तर गाडी काही काळ उलट, उत्तरेकडेच धावत असते. त्यामुळे नकाशा न पाहता बसलेल्या प्रवाशाला ती तीन वेगवेगळी चर्चे वाटली तर त्यात नवल नाही. या मार्गावरून आता आंतरराष्ट्रीय जलद गाड्यांऐवजी ‘ट्रेनो गॉतार्दो’ या नावाची प्रादेशिक गाडी बेलिन्झोनाकडे जाते. तिला जलद गाडीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, पण आरक्षणाची सक्ती नसते.

यावरून आखणीचे एक सूत्र निघते: जाताना वेग विकत घ्यावा आणि परतताना वेळ. मिलानहून परतीसाठी कोमो तलावाच्या काठाने जाणारी इटालियन प्रादेशिक गाडी सुमारे अडीच तासांत तिरानो या सीमेलगतच्या गावी पोचवते. तिथे इटालियन रेल्वेच्या स्थानकाशेजारीच स्विस रेटिश रेल्वेचे स्थानक आहे आणि तेथून बर्निना मार्गाची लाल, मीटरमापी गाडी सुटते. मीटरमापी म्हणजे दोन रुळांतील अंतर एक मीटर असलेली, अर्थातच नेहमीच्या युरोपीय मार्गापेक्षा अरुंद. ही गाडी प्रथम गावाच्या रस्त्यावरून, मोटारी थांबवून ठेवत बॅसिलिकेसमोरून जाते आणि थोड्याच वेळात ब्रुझिओ येथील नऊ कमानींच्या गोल दगडी पुलावरून वळसा घेत स्वतःच्याच मार्गावर चढते. 429 मीटर उंचीच्या तिरानोपासून 2,253 मीटरवरील ओस्पिझिओ बर्निना स्थानकापर्यंतचा चढ ती दातेरी रुळाच्या मदतीविना, केवळ चाके आणि रूळ यांच्या घर्षणावर चढते. या मार्गाचा कमाल चढ 14 ला 1 असून, नेरळ–माथेरान गाडीचा 20 ला 1 हा चढही त्यापुढे सौम्य म्हणावा लागतो. माथ्यावर लागो बियांको म्हणजे ‘पांढरा तलाव’ लागतो. हिमनदीने दळलेल्या खडकाच्या भुकटीमुळे त्याचे पाणी दुधाळ दिसते. या तलावाचे पाणी दक्षिणेकडे एड्रिआटिक समुद्राला मिळते, तर शेजारच्याच लेय नायर या काळ्या तलावाचे पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात जाते. आल्बुला आणि बर्निना हे रेल्वेमार्ग 2008 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि त्याच वर्षी कालका–शिमला रेल्वेचाही त्या यादीत समावेश झाला.

व्यवहाराच्या बाबी त्या मानाने थोडक्यात सांगता येतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाला दोन्ही देशांसाठी एकच शेंगेन व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा त्यासाठी लागतो. झुरिक–मिलान जलद गाडीने सीमा ओलांडताना आसन आरक्षित करणे सक्तीचे असून, रेल्वे पास असला तरी हे शुल्क वेगळे भरावे लागते. बर्निनावरही मोठ्या काचांच्या ‘बर्निना एक्सप्रेस’ला वेगळे आरक्षण लागते, त्याच रुळांवरून जाणाऱ्या साध्या गाडीला ते लागत नाही आणि दृश्य तर तेच असते. युरोपातील रेल्वेचे वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते, म्हणून त्यानंतरच्या तारखांची आखणी जुन्या वेळांवर विसंबून करू नये. हिवाळ्यात झुरिककडे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा मिलान ते झुरिक हा बदलाबदलीसह जवळपास दिवसभराचा परतीचा प्रवास एका दमात उरकण्यापेक्षा तिरानोत किंवा बर्निना मार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या सेंट मॉरित्झला एक रात्र काढणे सोयीचे ठरते.

वेग आणि दृश्य यांच्या या सौद्याची कसोटी एका अपघाताने पाहिली. 10 ऑगस्ट 2023 रोजी पायथा-बोगद्यात एक मालगाडी तुटलेल्या चाकामुळे रुळांवरून घसरली आणि दुरुस्ती होईपर्यंत बहुतेक प्रवासी गाड्या जुन्या घाटमार्गाने वळवाव्या लागल्या. प्रवास सुमारे तासाभराने लांबला, वेळापत्रके कोलमडली, आणि मिलानला केवळ कामासाठी जाणाऱ्यांनाही वासेनचे चर्च तीन-तीनदा दिसू लागले. 2 सप्टेंबर 2024 रोजी बोगदा पूर्ववत खुला झाला आणि जलद गाड्या पुन्हा पर्वताखालून धावू लागल्या. तेव्हापासून ते चर्च पाहायचे असेल, तर संथ गाडीचे तिकीट पुन्हा मुद्दाम मागून घ्यावे लागते.