आधी खरवडा, मग रंगवा

जुन्या जिप्सीसाठी जुनंच कॅरियर आणलं, तेव्हा घरात एकच प्रश्न : "नवीन मिळत नव्हतं का?" मिळत होतं. पण लोखंड म्हातारं होत नाही, फक्त गंजतं, असं माझं आपलं मत!

विकणाऱ्याने काळा रंग फासून ते चकाचक केलं होतं. मीही त्यावरच एक हात मारणार होतो. रविवार कोण घालवणार? तरी तारेचा ब्रश घेऊन बसलो. रंग निघाला आणि एका पायाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर दिसली. छातीत धस्स झालं. ताम्हिणीत ते सामानासकट सुटून मागच्या बाइकवाल्यावर पडलं असतं तर?

मग पाया पुन्हा वेल्ड करून घेतला. पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन हात. जिप्सीच्या टपाच्या कडेला पन्हळ असते, तिला क्लॅम्प बसवले. मध्ये रबर घातलं, नाहीतर रंग खरवडून तिथेच नवा गंज. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळले.

आणि हो, कॅरियर आहे म्हणून वर वाट्टेल ते चढवायचं नसतं. त्याचं स्वतःचं वजनही टपालाच सोसायचं असतं. ओझं जितकं वर, तितकी गाडी वळणावर झुकते. जड ते आत, हलकं ते वर.

जुनं घ्यायला माझी अजूनही ना नाही. पण वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, विकणाऱ्याच्याही आणि आपल्या आळसाच्याही. असो. घरचा प्रश्न मात्र अजून तोच आहे!