कॅसेट आधी जशीच्या तशी उतरवा

"सर, तीन तासांची कॅसेट आता कोण बघतं? वीस मिनिटांची एडिट करून देतो, मागे छान गाणं टाकतो." दुकानदार भला माणूस होता. तरीही मी कॅसेट परत घेऊन देऊळगाव राजाला घरी आलो.

कॅसेट आमच्या घरातल्या १९९६ सालच्या एका निकाहची आहे. दुकानदार जे कापणार होता, नेमकं तेच मला हवं आहे. दूल्हा-दुल्हनचे फोटो अल्बममध्ये आहेतच. पण काझीसाहेबांशी उर्दूत बोलता बोलता वळून शेजारच्या काकांना "जेवल्याबिगर जायचं नाही हं" असं दटावणारे अब्बा दुसरीकडे कुठे सापडणार? मुसलमानांना मराठी येते का, असं आजही विचारणाऱ्यांसाठी हा पुरावा आहे. त्यावर सिनेमाचं गाणं चढवलं की तो पुसला जातो. आणि पुसणारे आपणच असतो.

काही जण म्हणतात, त्यात बायकांचं शूटिंग आहे, जाळून टाका. पर्द्याची काळजी मला मान्य आहे. पण त्यावर उपाय जाळणं नाही, परक्याच्या संगणकावर न देणं हा आहे. काम घरीच होतं. व्हीसीआरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना यूएसबी कॅप्चर कार्डाला जोडायच्या आणि रेकॉर्डिंग सुरू करायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. आपली कॅसेट पॅल पद्धतीची, म्हणून माप ७२० बाय ५७६ ठेवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. पूर्ण प्रत दोन ठिकाणी ठेवा, मगच हवी तेवढी कापाकापी करा. घरातली नववी-दहावीची मुलगी हे सहज शिकते. बायकांचं शूटिंग तिच्याच हाती सोपवा.

"बघू पुढे" म्हणू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईनेही २०१६ साली उत्पादन थांबवलं. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली मुंबईत झळकला. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. सिनेमा जपायला पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय संग्रहालय झालं. आपल्या अब्बा-अम्मींच्या आवाजासाठी तसं संग्रहालय कुणी काढणार नाही. ते काम आपल्यालाच करावं लागेल, तेही घरातला व्हीसीआर चालतोय तोवर.